छावणीत नापास झालेले मटण गावाने खाल्ले का?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील भगूर-देवळाली परिसराच्या रोजच्या जगण्यावर आपण लिहीत आहात, आणि आजींची एक आठवण आपल्याला अडवून धरते आहे. “लढाईत छावणीनं नापास केलेलं मटण गावात विकायचे,” असे त्या सांगत. हे खरे असेल का, आणि त्या काळी लहान गावात मांस तपासायचे कोण आणि कसे, हा आपला प्रश्न आहे. माझे सारे काम पशुवैद्यक म्हणून नाशिक जिल्ह्यात झाले आणि त्यातला मोठा भाग कत्तलखान्यातील तपासणीचा होता. त्यामुळे या प्रश्नाकडे मी सुरी हातात धरून तपासणी करणाऱ्या माणसाच्या बाजूने पाहतो.

आजींची आठवण निराधार असेल असे मला वाटत नाही. मात्र त्यातून ‘सडके मांस गावाच्या माथी मारले’ असा निष्कर्ष आपण काढणार असाल, तर तो घाईचा ठरेल. जनावर दोन अगदी वेगळ्या कारणांनी नाकारले जाते. पहिले कारण कराराचे असते. लष्कराचा खरेदीदार ठरावीक वजनाचे, ठरावीक वयाचे, अंगावर मांस असलेले जनावर मागतो. हडकुळी शेळी, म्हातारी मेंढी, लंगडणारे पण निरोगी बोकड तो परत पाठवतो. दुसरे कारण आरोग्याचे असते. जनावर आजारी आहे, किंवा कापल्यावर त्याच्या अवयवांत रोग दिसला, म्हणून ते माणसाच्या खाण्यास अयोग्य ठरते. पहिल्या प्रकारचे जनावर गावच्या बाजारात येणे यात गैर काही नाही; शांततेच्या काळातही गरीब माणूस तेच खात होता. दुसऱ्या प्रकारचे मांस मात्र नष्टच व्हायला हवे. युद्धकाळातील खरा प्रश्न असा, की या दोन प्रकारांमधली भिंत किती शाबूत राहिली. ती राहिली की ढासळली, हे जनावर जिवंत असताना कोणी पाहिले होते का, यावर अवलंबून असते. सगळे उत्तर मी या एका मुद्द्याभोवतीच देणार आहे.

प्रथम मागणीचा अंदाज घेऊ. देवळाली १८६१ पासून सैनिकांच्या ये-जा करण्याची छावणी होती. विलायतेहून आलेले आणि परतीच्या जहाजाची वाट पाहणारे गोरे सैनिक तिथे थांबत, आणि १९४१ मध्ये काही काळ स्थानबद्ध जर्मन नागरिकही तिथे ठेवले होते. युद्धाच्या सुरुवातीला सुमारे दोन लाख असलेले हिंदुस्थानी सैन्य १९४५ पर्यंत पंचवीस लाखांच्या घरात गेले, त्यामुळे सर्वच छावण्यांवर भार पडला. समजा, एका पलटणीत आठशे माणसे आहेत आणि माणशी हाडासकट शंभर ग्रॅम मांस द्यायचे आहे. म्हणजे रोज ८० किलो झाले. आपल्याकडच्या वीस-बावीस किलो जिवंत वजनाच्या बोकडाचे कातडे, मुंडी, पाय आणि आतडी-कोथळा काढल्यावर साधारण दहा किलो मांस राहते. एका पलटणीला रोज आठ बोकडे, महिन्याला अडीचशेच्या आसपास. दहा हजार माणसांच्या छावणीला याच हिशेबाने रोज शंभर जनावरे लागतील, म्हणजे धनगराचा एक बऱ्यापैकी कळप रोज संपेल. ही उदाहरणादाखल केलेली आकडेमोड आहे, देवळालीची नोंद नव्हे. पण एवढ्या भुकेसमोर एका तालुक्याची शेळ्यामेंढ्यांची बेगमी किती दिवस पुरेल हे त्यावरून कळते.

याला ऋतूंचीही जोड होती. गावाची मागणी आखाडात चढते आणि श्रावण लागला की एकदम खाली येते. छावणीला मात्र श्रावण नसतो. दिवाळीनंतर धनगरांचे कळप चराईसाठी बाहेर पडतात ते पावसाळ्याच्या तोंडावर परततात, म्हणजे जवळचा माल वर्षभर जवळ नसतो. मग सिन्नर, संगमनेर, येवला, मालेगाव अशा लांबच्या पट्ट्यांतून जनावरे चालवत किंवा रेल्वेच्या वाघिणींतून आणावी लागतात, आणि १९४२-४३ मध्ये वाघिणींची टंचाई तर सर्वांनाच जाणवत होती. ब्रह्मदेश पडल्यावर तिकडचा तांदूळ थांबला, भाव युद्धापूर्वीच्या दुपटीच्या वर गेले आणि २ मे १९४३ पासून मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले. धान्य महागले की गावातला माणूस मांस सोडतो किंवा हलक्या मांसाकडे वळतो. व्यापाऱ्याला मात्र त्याच वेळी छावणीचे रोख पैसे दिसत असतात. चांगला माल कुठे जाईल हे सांगायला नको.

गोऱ्या सैनिकांच्या जेवणात गोमांस असे, आणि त्यामुळे शेतीच्या जनावरांवर आलेला ताण एवढा वाढला की १९४४ मध्ये हिंदुस्थान सरकारलाच लष्करासाठी होणाऱ्या कत्तलीवर निर्बंध घालावे लागले. तीन वर्षांखालील सर्व जनावरे, तीन ते दहा वर्षांचे कामाचे नर, त्याच वयाच्या दूध देऊ शकणाऱ्या गायी, आणि वयाचा विचार न करता गाभण व दुभत्या गायी यांची कत्तल मना झाली. कागदावर हा नियम स्वच्छ दिसतो, पण अंमलबजावणी दातांवर येऊन थांबते. अदत (पक्के दात न आलेले), दोन दाती, चार दाती, सहा दाती इथपर्यंत वय नेमके सांगता येते, आणि साधारण पाच वर्षांच्या सुमारास जनावर जुळते, म्हणजे त्याचे सगळे पक्के दात येतात. त्यापुढे दातांची झीज आणि शिंगांवरची वलये पाहून अंदाज करावा लागतो. नऊ वर्षांचा बैल आणि अकरा वर्षांचा बैल यांत अनुभवी माणसाचाही गोंधळ होऊ शकतो, आणि जिथे गोंधळाला जागा असते तिथे दबावालाही जागा असते.

आता तपासणारा कोण? छावणीची हद्द आणि गावाची हद्द या दोन वेगळ्या कायद्यांखाली होत्या. छावणीला १९२४ चा कॅन्टोन्मेंट कायदा लागू होता, आणि त्या कायद्याप्रमाणे छावणीचा आरोग्य अधिकारी म्हणजे तिथे नेमणुकीवर असलेला ज्येष्ठ लष्करी डॉक्टर. पुरवठ्याचे काम रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरकडे असे, आणि लष्कराचे स्वतःचे पशुवैद्यकही होते. गावाच्या बाजूला मुंबई इलाख्याचे नगरपालिका कायदे आणि १९२५ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता. देशभर एकच असा अन्नभेसळ कायदा यायला १९५४ साल उजाडले. लहान गावात कायद्याचा हात म्हणजे बहुतेक वेळा एकच सॅनिटरी इन्स्पेक्टर. गटारे, विहिरींत औषध टाकणे, साथीच्या वेळी घरोघर फिरणे, हे सगळे आटोपून त्याने पहाटे खाटीकखान्यातही उभे राहायचे. तो पशुवैद्यक नसे. मुंबईचे परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून चालू होते, पण तिथून बाहेर पडणाऱ्यांची संख्या एवढी नव्हती की प्रत्येक लहान गावाच्या खाटीकखान्यात एकेक जण मिळावा. त्या इन्स्पेक्टरांबद्दल मला आदर आहे. त्यांच्यातल्या सजग माणसाचे डोळे आणि नाक अनेक पदव्यांच्या तोडीचे असत. पण एक माणूस एका पहाटे दोन ठिकाणी उभा राहू शकत नाही, हे कोणत्याही आदराने बदलत नाही.

जनावर जिवंत असताना पाहायचे म्हणजे काय पाहायचे, हे थोडे जवळून सांगतो, कारण आपल्या लिखाणाला त्याचा उपयोग होईल. कळप वाड्यात शांत उभा असताना प्रथम लांबूनच पाहायचे. निरोगी शेळ्या एकमेकींना खेटून रवंथ करतात. आजारी शेळी बाजूला, मान खाली घालून उभी असते आणि तिचे रवंथ थांबलेले असते. मग कळप उठवून चालवायचा. लंगडणारे, मागे पडणारे, श्वास लागलेले जनावर तेव्हा वेगळे दिसते. त्यानंतर जवळ जाऊन नाकपुड्या, डोळ्यांची आतली बाजू, तोंडातले व्रण, शेपटीखालचा भाग भिजलेला आहे का, आणि कातडीवर देवीच्या पुटकुळ्या आहेत का, हे पाहायचे. लाळ्या-खुरकूत, बुळकांडी, घटसर्प हे जनावरांचे साथीचे रोग त्या काळचे नित्याचे शत्रू होते. बुळकांडीचा देशातून पूर्ण नायनाट झाल्याची आंतरराष्ट्रीय मान्यता आपल्याला २००६ साली मिळाली. युद्धकाळात मात्र जिथे जिथे जनावरांची मोठी ने-आण होई, तिथे तिथे ती सोबत जाण्याचा धोका असे.

सर्वांत मोठी भीती काळपुळीची, ज्याला फाशीचा रोगही म्हणतात. जनावर अचानक मरते, नाकातोंडातून आणि गुदद्वारातून न गोठणारे काळपट रक्त येते. असे जनावर उघडायचेच नाही. उघडले की जंतूंना हवा लागून त्यांचे बीजाणू बनतात आणि ती जमीन वर्षानुवर्षे विषारी राहते. कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन तपासायचा, आणि जनावर कातड्यासकट खोल पुरायचे किंवा जाळायचे. युद्धात बुटांसाठी आणि खोगिरांसाठी कातड्याला भाव होता, त्यामुळे ‘कातडे तरी काढून घेऊ’ हा मोह त्या काळी किती घातक असेल याची कल्पना करा. मेलेल्या जनावराचे कातडे काढणारा माणूस त्यात आधी जायचा.

पण खरे सांगायचे तर युद्धकाळातील मांसाचे सर्वांत जास्त नुकसान रोगाने नव्हे तर दमणुकीने होते, आणि याकडे इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष क्वचित जाते. विसावलेल्या जनावराच्या स्नायूंत साखरेसारखा एक साठा असतो. कापल्यानंतर त्याचे आम्ल बनते आणि मांसाचा सामू, म्हणजे आम्लता मोजणारा आकडा, सातच्या आसपासून साडेपाच ते पावणेसहापर्यंत उतरतो. हे आम्ल जंतूंना रोखून धरते, म्हणूनच बर्फाशिवायही ताजे मटण काही तास टिकते. लांबून चालवत आणलेल्या, उपाशी-तहानलेल्या, वाघिणीत दाटीवाटीने उभ्या राहिलेल्या जनावरात हा साठा आधीच संपलेला असतो. त्याचा सामू सहाच्या वरच राहतो. मांस गडद, चिकट दिसते आणि दुपारपर्यंत वास मारू लागते. त्या जनावराला रोग काहीच नसतो. म्हणून जुना नियम असा, की जनावर आणल्यावर त्याला बारा ते चोवीस तास विसावा द्यायचा, पाणी भरपूर द्यायचे आणि मगच कापायचे. मागणी अंगावर आलेली असताना ठेकेदार पहिल्यांदा ज्या गोष्टीला कात्री लावतो ती हीच विसाव्याची रात्र. कळप संध्याकाळी आला आणि पहाटे कापला गेला, की दुपारी गावात बोभाटा होणारच, ‘छावणीचे मटण नासके होते’. आजींच्या आठवणीत असा एखादा दिवस असू शकतो.

आता कापल्यानंतरची तपासणी. शीतगृह नव्हते, त्यामुळे कापणी पहाटे अंधारात आणि विक्री उजाडता उजाडता, हा रिवाज होता. तपासणी होई ती कंदिलाच्या किंवा पेट्रोमॅक्सच्या उजेडात. इथे एक अडचण आहे, जी पुस्तक वाचून लक्षात येत नाही. कावीळ झालेल्या जनावराचे मांस आणि चरबी पिवळी पडते, पण कंदिलाच्या पिवळ्या उजेडात सगळेच पिवळसर दिसते आणि कावीळ नजरेतून निसटते. दिवसाच्या उजेडाशिवाय काविळीचा निर्णय द्यायचा नाही, असे आम्हाला शिकवले जाई. शंका आली तर ते धड बाजूला टांगून ठेवायचे, आणि उजाडल्यावर डोळ्याचा पांढरा भाग, सांध्यांजवळचे पांढरे स्नायुबंध आणि मूत्रपिंडाभोवतीची चरबी पाहायची. रॉकेलची टंचाई असलेल्या दिवसांत, रांगेत धडे लटकलेली असताना आणि ठेल्यावरचा माणूस घाई करत असताना, एक धड उजाडेपर्यंत अडवून धरणे याला हिंमत लागत असेल.

त्यानंतर सुरी चालते ती लसिका गाठींवर. जबड्याखालच्या आणि घशामागच्या गाठी, फुप्फुसांच्या मधल्या गाठी, आतड्याच्या पडद्यातल्या आणि यकृताच्या दारातल्या गाठी, आणि गुराचे धड असेल तर खांद्यापुढच्या व मांडीपुढच्या गाठीही कापून पाहतात. क्षयाचे पिवळे, चुन्यासारखे खरखरीत दाणे तिथे सापडतात. यकृत दाबून आणि पित्तनलिका चिरून पाहिले की पानासारखे चपटे कृमी बाहेर येतात. ओढ्या-डबक्यांच्या काठी चरलेल्या जनावरांत ते हमखास असतात. फुप्फुसावर आणि यकृतावर पाण्याने भरलेल्या पांढऱ्या गाठी दिसल्या तर त्या कुत्र्याच्या पट्टकृमीच्या असतात. असा अवयव कुत्र्यापुढे फेकला की रोगाचे चक्र पुन्हा पूर्ण होते, आणि खाटीकखान्याभोवती कुत्री नसलेले गाव मी पाहिलेले नाही. म्हणून काढून टाकलेला अवयव नुसता फेकायचा नाही, तर त्यावर खोल चिरा मारून फिनेल किंवा रॉकेल ओतून, चुना टाकून पुरायचा. असे केलेले मांस मग कोणी रात्री उकरूनही विकू शकत नाही.

आणखी एक तपासणी आपल्या प्रश्नाच्या अगदी गाभ्याची आहे. आधीच मेलेले जनावर नंतर कापून ‘हलाल केले’ किंवा ‘झटका केला’ म्हणून विकले, तर ते ओळखता येते का? येते. जिवंत जनावराची मान कापली की जखमेच्या कडा आत ओढल्या जातात आणि त्यांत रक्त मुरते. मेलेल्याच्या मानेवरची चीर सरळ, ढिली आणि कोरडी राहते. रक्त पुरते वाहून गेलेले नसते, म्हणून फासळ्यांमधल्या शिरा निळसर भरलेल्या दिसतात, आणि जनावर ज्या कुशीवर पडून होते त्या बाजूचे फुप्फुस जास्त काळवंडलेले असते. खांद्याखाली सुरी घालून पाहिले तर काळपट रक्त पाझरते. हे सगळे धड अखंड असताना दिसते. एकदा तुकडे होऊन ते पाटीत गेले, की उरते ते फक्त वास आणि रंग, आणि मसाला त्या दोन्हींना झाकतो. म्हणून दुकानातली तपासणी ही खाटीकखान्यातल्या तपासणीची जागा कधीच घेऊ शकत नाही.

आता आजींच्या आठवणीकडे. कोणत्याही खाटकाच्या धंद्यात मांसाइतकाच हिशेब उरलेल्या भागाचा असतो: कातडे, मुंडी, पाय, वजडी, काळीज (म्हणजे यकृत). लष्कराला पुरवायचे ते सोललेले धड. बाकीचे ठेकेदाराकडे राहते आणि ते जवळच्या गावातच खपवावे लागते, कारण वजडी आणि मुंडी दुसऱ्या दिवशी कोणी घेत नाही. छावणीतून गावात येणाऱ्या मांसाची ही सर्वांत सरळ, सर्वांत कायदेशीर आणि सर्वांत मोठी वाट असणार, असे माझे मत आहे. ‘छावणीने न घेतलेले’ हे वर्णन त्याला तंतोतंत लागू पडते. गरीब घरांना त्या दिवसांत या वजडी-मुंडीनेच सत्त्व दिले असेल. काळजातले लोह आणि जीवनसत्त्वे धडाच्या मांसापेक्षा कितीतरी जास्त असतात. धोका असा, की रोगाच्या खुणा नेमक्या याच भागांत सापडतात. धड कराराप्रमाणे बारकाईने पाहिले गेले आणि काळीज-फुप्फुस न पाहताच पाटीत गेले, तर छावणी सुरक्षित राहील आणि गाव नाही. म्हणूनच आमच्या पद्धतीत प्रत्येक धडाचे अवयव त्याच धडाजवळ, तपासणी पूर्ण होईपर्यंत ठेवायचे असतात. या नियमाला घाईत सोडचिठ्ठी मिळाली, की दोन नापासांमधली भिंत तिथेच पडते.

फसवणुकीचे इतर प्रकार थोडक्यात सांगतो. मेंढीचे मांस बोकडाचे म्हणून आणि शेळीचे बोकडाचे म्हणून विकणे हा जुना धंदा आहे; त्याने खिसा कापला जातो, जीव जात नाही. बोकडाची खूण म्हणून अंडकोष धडाला लावून ठेवण्याची पद्धत त्यावरूनच आली. शेळीचे-बोकडाचे मांस बोटाला किंचित चिकट लागते आणि त्यावर केस चिकटलेले सापडतात. मेंढीची चरबी पांढरी, घट्ट आणि पाठीवर जास्त असते. तपासून झालेल्या धडावर शाईचा शिक्का मारतात तो यासाठीच, की बाहेर चोरून कापलेले धड त्यात मिसळू नये.

छावणीत आणखी एक विभागणी असे. मुसलमान सैनिकांसाठी हलाल, शीख आणि अनेक हिंदू सैनिकांसाठी झटका, आणि दोन्हींच्या जागा, सुऱ्या व माणसे वेगळी. पुरवठा खात्याने हे का सांभाळले असेल, याचे एक कारण आपल्याच माणसांच्या इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धात ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियातील कूटच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. अन्न संपत आले तेव्हा घोड्याचे मांस वाटले गेले. हिंदुस्थानी सैनिकांपैकी बहुतेकांनी ते बराच काळ नाकारले आणि ताज्या अन्नाअभावी त्यांच्यात स्कर्व्ही पसरली. मांस कितीही निर्दोष असले तरी माणसाच्या मनाला ते पटले नाही, तर ते अन्न ठरत नाही. आपल्या आजींनी सांगितलेली शंका हीही त्याच जातीची आहे, आणि म्हणून ती अफवा म्हणून झटकून टाकू नये.

तुलनेसाठी विलायतेतील लहान गावांचे उदाहरण घ्या. तिथे जानेवारी १९४० मध्ये सरकारने कत्तलीच्या जनावरांची सगळी खरेदी स्वतःकडे घेतली आणि ११ मार्च १९४० पासून मांसाचे रेशनिंग सुरू केले. ते वजनावर नव्हते, किमतीवर होते: सुरुवातीला माणशी आठवड्याला एक शिलिंग दहा पेन्सचे मांस. त्यामुळे स्वस्त तुकडा घेणाऱ्याला वजन जास्त मिळे. गावोगावचे हजारो लहान कत्तलखाने बंद करून काम काही शेकडा मोठ्या जागांवर आणले. हेतू बचतीचा होता, पण त्याने तपासणीचे मोठे काम झाले, कारण निरीक्षक थोडे असले तरी जागाही थोड्या झाल्या आणि जनावर जिवंत असताना पाहणे शक्य झाले. जे मांस बिघडले ते या व्यवस्थेबाहेर शेतांवर चोरून कापलेल्या काळ्याबाजाराच्या मालात. तिथले मांसाचे रेशनिंग थेट जुलै १९५४ मध्ये उठले. आपल्याकडे मांस असे कार्डावर मोजून दिले गेले नाही. छावणीच्या हद्दीत एक शिस्त आणि हद्दीबाहेर दुसरी, अशी स्थिती राहिली.

जर्मनीतील एक जुनी पद्धत मला याहूनही शहाणपणाची वाटते. तिथे १९०० सालच्या मांस तपासणी कायद्यापासून मांसाचे योग्य आणि अयोग्य असे दोनच वर्ग न करता मधला एक वर्ग ठेवला गेला. दिसायला हलके, किंवा उकळून घेतल्यास निर्धोक होणारे मांस ‘फ्रायबांक’ नावाच्या वेगळ्या दुकानात, देखरेखीखाली, कमी भावात आणि त्याचे स्वरूप उघड सांगून विकले जाई. घेणाऱ्याला माहीत असे की आपण काय घेतो आहोत. देवळालीच्या बाजारात अशी एक फळी असती आणि तिच्यावर ‘छावणीने वजनात न घेतलेले, तपासलेले’ अशी पाटी असती, तर आजींच्या मनात तो संशय उरला नसता. हलका माल विकण्यात अन्याय नाही. तो काय आहे हे न सांगण्यात आहे.

एक गोष्ट आपल्या लिखाणात उलटी होण्याची शक्यता दिसते म्हणून सांगतो. मांसाने होणाऱ्या विषबाधेचे मोठे प्रसंग कच्च्या मांसापेक्षा शिजवून ठेवलेल्या मांसामुळे जास्त होतात. मोठ्या पातेल्यात रात्री शिजवलेला रस्सा हळूहळू निवतो, आणि त्या कोमट तासांत उकळण्याने न मेलेले बीजाणू फुटून जंतू वाढतात. या जंतूंचा आणि विषबाधेचा संबंध याच १९४० च्या दशकात स्पष्ट होऊ लागला. शेकडो माणसांचे पातेले कुठे चढत होते? छावणीच्या मुदपाकखान्यात. गावातल्या घरात सकाळी आणलेले अर्धा शेर मटण दुपारी शिजून संपत असे, शिळे ठेवायला उरतच नसे. म्हणजे तपासणीचा लाभ छावणीला जास्त असला, तरी स्वयंपाकाची पद्धत गावाच्या बाजूने होती. छावणीत अमुक दिवशी माणसे आजारी पडली अशी नोंद आपल्याला मिळाली, तर दोष लगेच ठेकेदाराच्या जनावरावर टाकू नका. ते मटण शिजले कधी आणि वाढले कधी, हे आधी शोधा.

शेवटी, शोध कुठे घ्यायचा. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात इलाख्याच्या आरोग्य आणि पशुवैद्यक खात्यांचे कागद पाहावेत, आणि स्थानिक पातळीवर छावणी मंडळाची व नगरपालिकेची ठरावबुके जिथे जपली गेली असतील तिथे विचारावे. ठरावांत पाहायच्या गोष्टी अशा: खाटीकखान्याच्या ठेक्याचा लिलाव आणि त्याच्या अटी, विशेषतः मुंडी-पाय-वजडीचा हक्क कोणाकडे होता, कापणीची ठरवून दिलेली वेळ, जनावरे आदल्या रात्री वाड्यात ठेवण्यासाठी पाण्याच्या हौदाचा खर्च मंजूर झाला का, आणि रॉकेल किंवा बत्तीची मागणी. मासिक तक्ता हाती आला तर कापलेल्या जनावरांच्या आकड्यापेक्षा अयोग्य ठरवून नष्ट केलेल्या अवयवांच्या आकड्याकडे आधी पाहा. शेकडो शेळ्यामेंढ्या कापल्या गेल्या आणि महिनाभरात कृमीमुळे एकही काळीज नाकारले गेले नाही, असे आपल्या भागात होत नाही. त्या रकान्यात सतत शून्य असेल, तर तपासणी झालीच नाही असे मी समजेन. तिथे लहानमोठे आकडे असतील, कधी दोन फुप्फुसे, कधी पाच काळजे, कधी एखादे पूर्ण धड आणि पुढे ‘पुरले’ अशी नोंद, तर त्या अंधाऱ्या पहाटे तिथे कोणीतरी उभे होते आणि गावासाठी नीट पाहत होते, असे आपण खात्रीने लिहू शकता.